कृष्णाकाठचा सूड आणि उत्तरेकडचा तपास

आइसलँडची राजधानी रेक्याविक, तिच्या वेशीवर नव्या वसाहतीचे पाये खणले जात आहेत. तेथे खेळणाऱ्या एका मुलाला मातीत एक हाड सापडते, ते तो खेळणे म्हणून घरी आणतो आणि वाढदिवसाच्या गडबडीत त्याचे तान्हे भावंड ते तोंडात घालून चघळीत बसलेले पाहुण्यांपैकी एका वैद्यकीच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीस पडते. हाड माणसाच्या बरगडीचे असते. अर्नाल्दुर इंद्रिदासॉन या लेखकाची २००१ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी अशी सुरू होते, आणि पुढची सारी कथा एका जुन्या सांगाड्याभोवतीची माती हळूहळू खरवडून काढण्यात जाते. उत्खनन करणारे पुरातत्त्वज्ञ इतके संथ, की ज्याच्यावर तपासाची जबाबदारी आहे तो एर्लेंदुर नावाचा अंमलदार हातघाईवर येतो. ज्या काळात ते प्रेत पुरले गेले तो दुसऱ्या महायुद्धाचा काळ. त्या काळची माणसे बहुतेक मरून गेलेली, जी उरली ती जराजर्जर. अशा गुन्ह्यात आरोपीस पकडून शिक्षा देण्याचे समाधान वाचकास मिळण्याचा संभव जवळजवळ नसतो. तरीही तो पान उलटीत राहतो, कारण मारेकरी कोण या प्रश्नाच्या मागे आणखी एक प्रश्न दबा धरून बसलेला असतो: टेकडीवरच्या त्या एकाकी घरात नवरा बायकोला वर्षानुवर्षे मरेमरेतो मारीत होता, तेव्हा हे कुणाकुणाला ठाऊक होते?

स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंड आणि आइसलँड या उत्तर युरोपातील देशांत जी काळोखी गुन्हेकथा गेल्या साठ वर्षांत फोफावली, आणि भाषांतरांच्या व चित्रवाणी मालिकांच्या मार्गाने आपल्याकडील वाचकापर्यंतही येऊन पोहोचली, तिचे मर्म मला तरी या दुसऱ्या प्रश्नात दिसते. तिची पायाभरणी स्वीडनमधील माय श्योवाल आणि पेर वाल्यो या जोडीने केली. त्यांनी १९६५ ते १९७५ या काळात मिळून दहा कादंबऱ्या लिहिल्या, आणि त्या दहाही जणू एकाच दीर्घ गुन्ह्याची प्रकरणे आहेत अशी त्यांची योजना होती. पहिल्या कादंबरीत येता कालव्याच्या एका जलद्वारापाशी गाळ उपसणाऱ्या यंत्राच्या डोलात चिखलाबरोबर एका तरुणीचे विवस्त्र प्रेत वर येते. ती कोण हे कळण्यासच महिने जातात. तपास करणारा मार्टिन बेक हा बुद्धीचा चमत्कार दाखविणारा पुरुष नव्हे. त्याला सतत पडसे झालेले असते, पोट बिघडलेले असते, संसारात राम उरलेला नसतो, आणि त्याच्यापाशी भांडवल म्हणावे तर चिकाटीचे. साम्यवादी विचारांच्या या जोडीला गुन्ह्याच्या निमित्ताने स्वीडनच्या कल्याणकारी राज्याचा लौकिक उकलून पाहावयाचा होता: सर्वांना शिक्षण, सर्वांना औषधोपचार, सर्वांना निवृत्तिवेतन देणाऱ्या त्या नीटनेटक्या समाजाच्या गालिच्याखाली काय काय लोटले गेले आहे ते दाखवावयाचे होते.

त्यांच्या या वारशाला जगभर बाजारपेठ मिळवून दिली ती स्टीग लार्सन या पत्रकाराने, आणि तीही स्वतःच्या मृत्यूनंतर. अतिउजव्या, वंशद्वेष्ट्या संघटनांचा माग काढण्यात ज्याची उमेद गेली असा हा मनुष्य नोव्हेंबर २००४ मध्ये पन्नासाव्या वर्षी हृदयविकाराने वारला आणि त्याची पहिली कादंबरी पुढच्या वर्षी बाहेर पडली. स्त्रियांचा द्वेष करणारे पुरुष, असे उघडेवाघडे नाव मूळ स्वीडिश पुस्तकास आहे. इंग्रजी प्रकाशकांनी त्याला गोंदणाचे रंजक नाव देऊन त्याची धार बोथट केली हा भाग निराळा. एका धनाढ्य उद्योगपती घराण्यातील सोळा वर्षांची मुलगी १९६६ साली बेटावरून नाहीशी होते आणि तिचा वृद्ध चुलत आजोबा पुढची तीन तपे दरवर्षी आपल्या वाढदिवसाला कुणीतरी धाडलेले एक वाळवलेले फूल भिंतीवर लावून ठेवतो. या एका सूत्रातून घराण्याचा नाझी भूतकाळ, बापलेकांचे पाशवी अत्याचार आणि त्यांवर पडलेला प्रतिष्ठेचा पडदा असे सारे बाहेर येते. तपास करणाऱ्या पत्रकारापेक्षा वाचकांच्या मनात ठसली ती लिस्बेथ सालांदर. राज्याच्या पालकत्वाखाली जिची विटंबना झाली आणि जिने राज्याकडे दाद न मागता आपला सूड आपल्या हाताने घेतला अशी ही किरकोळ अंगाची, अबोल मुलगी. म्हणजे उत्तरेच्या या कथेत तपासनीस आणि सूड घेणारा असे दोघेही एकाच चौकटीत समोरासमोर उभे असतात आणि दोघांपैकी कुणाचेही हात पुरते स्वच्छ नसतात.

आता आपल्याकडे वळू. मराठीत गुन्हेकथेचा दुष्काळ होता असे कुणी म्हणेल तर ते खरे नव्हे. बाबूराव अर्नाळकरांनी एकट्याने सहस्राहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि त्यांचा काळापहाड नि झुंजार यांच्यासाठी वाचनालयाच्या फळीपाशी रांगा लावणारी एक पिढीच्या पिढी महाराष्ट्रात होऊन गेली. त्यांच्यामागून गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. या पुस्तकांनी मराठी माणसास वाचावयास लावले हा त्यांचा उपकार मोठा आहे, आणि त्यांची हेटाळणी करणाऱ्या समीक्षकांनी ती चोरून वाचली असावीत असा माझा दाट संशय आहे. परंतु हा सारा व्यवहार मुख्यतः मुंबईचा. त्यात धनिकांचे बंगले, मोटारी, मुखवटे आणि पिस्तुले. रहस्य एका रात्रीचे आणि उलगडा चार दिवसांचा. ज्या गुन्ह्याची मुळे आजोबाच्या पिढीत आहेत, जो वाडीतील प्रत्येक उंबऱ्याला ठाऊक आहे, आणि म्हणूनच जो कुणी बोलत नाही, असा गुन्हा या कथांच्या वाट्यास सहसा आला नाही.

याचे नवल अशासाठी वाटते की ज्या मुलखात असा गुन्हा सांगण्याची परंपरा मूळचीच होती तो मुलूख पुण्याहून फार दूर नाही. सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे आहेत, पण जुन्या सातारा जिल्ह्यातून १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा काढण्यात आला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली असे ठरले. कृष्णा, वारणा आणि कोयना यांच्या काठचा स्वभाव मात्र कागदावरच्या हद्दीने तुटला नाही. या भागातील वतनाच्या तंट्यांचे जुने कागद ज्याने पाहिले असतील त्याला करीना नावाचा लेखनप्रकार परिचित असेल. पाटिलकी किंवा देशमुखी आपली आहे असे सांगणारा वादी मजालसीपुढे आपल्या घराण्याची हकीकत लिहून देई, आणि त्या हकीकतीत अमक्याने आपल्या पणज्यास दगा करून मारिले, तमक्या विधवेने पोटातला वंश वाचविण्यासाठी माहेर गाठले, ते मूल मोठे होऊन गावी परतले आणि त्याने आपले उसने फेडून घेतले, असे सारे निर्विकार गद्यात येई. कऱ्हाडजवळच्या मसूरच्या देशमुखीचा तंटा अशाच प्रकारे पिढ्यांमागून पिढ्या चालला. या गद्याचे सख्खे भावंड शोधावयाचे तर ते तेराव्या शतकातील आइसलँडच्या सागांमध्ये सापडते. न्याल नावाच्या कायदेपंडिताची सागा घ्या: एका खुनाच्या बदल्यात दुसरा, दुसऱ्याच्या बदल्यात तिसरा, मध्ये मध्ये भरपाईच्या वाटाघाटी, लोकसभेपुढे तांत्रिक मुद्द्यांवर लढविलेले खटले, आणि शेवटी वैऱ्यांनी न्यालाचे घर आतल्या माणसांसह पेटवून दिल्यावरही न थांबणारा सूड. तिकडील आजच्या गुन्हेकथाकारांच्या पाठीशी ही सागा उभी आहे. आपल्याकडे करीने दप्तरात गेले आणि इतिहाससंशोधकांखेरीज कुणाचे राहिले नाहीत.

सूडाची कथा मात्र दप्तरात राहिली नाही; ती लोकांच्या तोंडी गेली, पोवाड्यात गेली, तमाशाच्या वगात गेली. वाळवे तालुक्यातील वाटेगावी १९२० साली जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी तिला कादंबरीत आणले. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फकिरा’त पित्याचा घात ही पुत्राच्या आयुष्याची पहिली घटना आहे, आणि दुष्काळात उपाशी मरणाऱ्या आपल्या माणसांसाठी इंग्रजी अमलाचा खजिना लुटणारा फकिरा हा वैयक्तिक सूडाचे रूपांतर सामुदायिक हक्कात करतो. ‘वारणेचा वाघ’मधील सत्तूही याच मातीचा फरारी. वाङ्मयाबाहेर पाहावे तर बोरगावचे बापू बिरू वाटेगावकर: गावच्या लेकीसुनांना छळणाऱ्या गावगुंडाचा त्यांनी खून केला, पाव शतकाच्या आसपास ते पोलिसांना हुलकावण्या देत राहिले, त्यांच्यावर वग झाले, चित्रपट निघाला, पुढे जन्मठेप भोगून बाहेर आल्यावर ते माळकरी झाले आणि जानेवारी २०१८ मध्ये इस्लामपूर येथे पिकल्या वयात वारले. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालविलेल्या प्रतिसरकारची न्यायदान मंडळे हाही याच मनोभूमीचा एक संघटित आविष्कार होता. सरकारी कोर्टात न मिळणारा न्याय रात्रीच्या बैठकीत मिळे आणि दरोडेखोराला, छळवादी सावकाराला वा खबऱ्याला दिलेली सजा सकाळी पंचक्रोशीस कळे.

या सर्व कथांत सूड घेणारा आपला असतो, त्याच्यावर अन्याय झालेला असतो, आणि त्याने घाव घातला की बोर्डावर टाळ्या पडतात. मी स्वतः लहानपणी यात्रेत असा वग पाहताना टाळ्या पिटल्या आहेत आणि त्याची मला लाज वाटत नाही. पण वगात ज्याचा प्रवेश जवळजवळ कधीच होत नाही, किंवा झाला तर हसे होण्यापुरताच होतो, तो तपास करणारा मनुष्य. हवालदार म्हणजे सोंगाड्याच्या टिंगलीचे पात्र. याचे कारण उघड आहे: ज्या प्रजेने शतकानुशतके सरकारचा शिपाई हा वेठीस धरणारा आणि लाच खाणारा म्हणूनच पाहिला, तिच्या कल्पनेत सत्य शोधणारा शिपाई कोठून यावा? त्यामुळे सूडाचे साहित्य आम्हापाशी भरपूर साठले आणि तपासाचे साठलेच नाही. आणि तपास नसला की एक मोठी सोय होते. गावगुंड उन्मत्त होईपर्यंत बाकीचे गाव काय करीत होते, हा प्रश्न कुणी विचारीत नाही.

उत्तरेच्या कथाकाराला जे सुखवस्तू, सुव्यवस्थित राज्य कथेची पार्श्वभूमी म्हणून मिळाले, त्याच्याशी तुलना करता येईल असा महाराष्ट्रातील एखादा पट्टा निवडावयाचा तर तो हाच निवडावा लागेल. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडनजीकच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली ती येथे. देवराष्ट्र्यात जन्मून कऱ्हाडास वाढलेले यशवंतराव चव्हाण येथले. सहकारी साखर कारखाने, दूध संघ, पतपेढ्या, उपसा जलसिंचन योजना आणि गावोगाव हायस्कूल असे सगळे येथे इतरांच्या आधी आले. आणि उत्तरेकडे जे काम हिवाळ्याचा अंधार करतो ते येथे ऊस करतो. आडसाली उसाची लागण आषाढ-श्रावणात होते आणि तो तुटतो दुसऱ्या वर्षीच्या थंडीत. सोळा ते अठरा महिने ते रान उभे राहते, पुरुषभर उंचीच्या वर जाते, पाचट पायात साचते आणि चार हातांपलीकडचे दिसेनासे होते. पाणी पाजणारा दाऱ्यापाशी येतो नि जातो, आत शिरत नाही. मग कारखान्याची टोळी येते. टोळीतली माणसे बीडकडची, गावच्या भावकीशी त्यांना देणेघेणे नाही, आणि कोयता चालत चालत फडाच्या मध्यापर्यंत गेला की त्यांच्या पायाला जे लागेल ते तेच प्रथम पाहणार. गुन्हेकथेचा आरंभ करावयास याहून चांगली जागा मला सांगता येणार नाही.

आणि त्या आरंभासाठी भाषाही तयार आहे. पोलिसांच्या पंचनाम्यात जागेचे जे वर्णन येते ते कुणी वाङ्मय म्हणून वाचीत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. पंचांसमक्ष पाहिलेल्या जागेच्या चतुःसीमा त्यात येतात: पूर्वेस अमक्याचा ऊस, पश्चिमेस ओढा, उत्तरेस पाणंद, दक्षिणेस मयताच्या चुलत्याची विहीर. मग प्रेताचे डोके कोणत्या दिशेस, अंगावर कपडे कोणते, हातातील काकणे शाबूत की फुटलेली, जवळ मिळालेला मुद्देमाल काय, असा क्रम चालतो. एकही विशेषण नसते. पण मयताच्या चुलत्याची विहीर या तीन शब्दांत पंचांनी, कळत वा नकळत, बांधावरून चाललेल्या वीस वर्षांच्या कज्जाकडे बोट दाखविलेले असते. ज्याला गाव ठाऊक आहे त्यालाच ते वाचता येते.

आता कल्पनेचे राहू द्या. मिरज तालुक्यातील म्हैसाळ हे कृष्णाकाठचे, कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेले गाव. दुष्काळी तालुक्यांना पाणी नेणाऱ्या उपसा योजनेने त्याचे नाव महाराष्ट्रभर झाले. मार्च २०१७ मध्ये तेथील ओढ्याच्या काठी पोलिसांनी जमीन खणली तेव्हा पिशव्यांत भरून पुरलेले एकोणीस गर्भ निघाले. बेकायदा गर्भपाताच्या वेळी एक विवाहिता दगावली आणि त्या मृत्यूच्या चौकशीतून हे उघडकीस आले. तपासाचे धागे सीमेपलीकडे कर्नाटकातही गेले. एखादी कादंबरी असती तर लेखकाने हात राखून तीन-चार सांगाड्यांवर भागविले असते. वस्तुस्थितीने तसा संकोच केला नाही. आणि ही गोष्ट आकाशातून पडलेली नव्हती, कारण २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली ८५१ आहेत हे सरकारी छापखान्यातून छापून आले होते. शेजारच्या साताऱ्यात तो आकडा ८७८ होता. त्याच साताऱ्यात ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा प्रशासनाने एक समारंभ करून २८५ मुलींना नवी नावे दिली, कारण त्यांची जन्मनावे नकुसा, नकोशी अशी होती. दाखल्यावर तेच, हजेरीपटावर तेच. वर्गात मास्तर वर्षानुवर्षे त्या नावाने हाक मारीत होते आणि मुलगी हजर म्हणत होती. गर्भलिंग सांगणारा, गिऱ्हाईक आणणारा, गाडीने पोहोचविणारा, खड्डा खणणारा, आणि घरी परतलेल्या सुनेला आल्या आल्या पाटावर बसवून काही न विचारणारी सासू, इतक्या माणसांनी मिळून एखादी गोष्ट केली असता ती गुप्त होती असे म्हणणे म्हणजे शब्दाचा गैरवापर आहे. लार्सनने पुस्तकाला दिलेले मूळ नाव येथे पुरतेसे लागू पडत नाही. स्टॉकहोममधील द्वेष बंद दाराआडचा. येथे सारे घर, लेकीबाळींसह, व्यवहार म्हणून बसून निर्णय घेते.

दुसरे प्रकरण वाईचे. मंदिरांचे, घाटांचे, विश्वकोशाचे ते सुसंस्कृत गाव. त्याच्या वरच्या अंगास धोम धरण. जून २०१६ मध्ये अंगणवाडी सेविकांच्या संघटनेतील एक पदाधिकारी स्त्री बेपत्ता झाली, संघटनेच्या बायकांनी पिच्छा सोडला नाही, आणि ऑगस्टमध्ये डॉक्टर म्हणून त्या भागात वावरणाऱ्या एका इसमास अटक होऊन त्याच्या धोम येथील जागेतून पुरलेली प्रेते बाहेर काढण्यात आली. २००३ पासून तेरा वर्षांत पाच स्त्रिया व एक पुरुष अशा सहा जणांचा खून केल्याचा आरोप त्याच्यावर ठेवण्यात आला. आरोपाचा निवाडा करणे न्यायासनाचे काम आहे, त्यात येथे हात घालण्याचे प्रयोजन नाही. मला विचार करावयास लावते ती ती तेरा वर्षे. घरातील प्रौढ बाई नाहीशी झाली की ठाण्यात बेपत्ता म्हणून नोंद होते, आणि नोंदवहीतील शाई वाळण्याच्या आत गावाने निकाल दिलेला असतो: गेली असेल कुणाचा हात धरून. हा निकाल एकदा लागला की शोध घेणे घरच्यांनाच लाजिरवाणे होते. एर्लेंदुर हा आइसलँडचा अंमलदार रात्री घरी बसून हिमवादळात हरवलेल्या माणसांच्या जुन्या हकीकती वाचीत असतो, कारण बालपणी त्याचा धाकटा भाऊ त्याच्या हातून सुटून बर्फात नाहीसा झाला आणि त्याचा देह कधीच मिळाला नाही. लेखकाने अंमलदारास हे दुःख दिले ते उगाच नव्हे. ज्या देशाची लोकसंख्या आमच्या कऱ्हाड तालुक्याहून कमी, तेथे एक माणूस हरवणे ही राष्ट्राच्या हिशेबातली तूट ठरते.

म्हैसाळचेच तिसरे प्रकरण तपासाच्या दृष्टीने अधिक बोधक आहे. २० जून २०२२ रोजी तेथे दोघा भावांच्या कुटुंबांतील नऊ माणसे मृतावस्थेत आढळली. कर्जाच्या बोजाखाली सामुदायिक आत्महत्या, असा प्रथम समज झाला. सावकारी करणाऱ्या कित्येकांना अटकही झाली. सावकाराने नाडलेले कुटुंब ही कथा या भागास इतकी पाठ आहे की ती कुणी पडताळून पाहण्याची गरज भासली नाही तर नवल नव्हते. परंतु आठवडाभरातच पोलिसांनी गुप्तधन काढून देतो म्हणून पैसे उकळणाऱ्या एका मांत्रिकास व त्याच्या साथीदारास अटक केली आणि हा विषप्रयोग असल्याचा आरोप ठेवला. पाठ असलेली कथा बाजूस सारून समोरच्या वस्तूंकडे पुन्हा पाहणे, यालाच तपास म्हणतात, आणि मार्टिन बेकच्या दहा कादंबऱ्यांत याखेरीज दुसरे काही घडत नाही.

मांत्रिकाचा उल्लेख आला म्हणजे साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा येणारच. कबड्डीचे नामांकित खेळाडू, वैद्य, ‘साधना’चे संपादक, आणि १९८९ पासून अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या रूपाने बुवाबाजीच्या मागे लागलेला हा मनुष्य २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात फिरावयास निघाला असता ओंकारेश्वराच्या पुलावर गोळ्या घालून मारण्यात आला. ज्या कायद्यासाठी ते अनेक वर्षे झगडले तो त्यांच्या मृत्यूनंतर काही दिवसांत वटहुकमाच्या रूपाने निघाला आणि त्याच वर्षी संमत झाला. मे २०२४ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली, तिघे सुटले. खुनामागचे सूत्रधार उजेडात आणण्यात तपास अपुरा पडला, हे न्यायालयानेच नोंदविले. स्वीडनच्या वाचकास हे वाचून त्यांचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे आठवतील. ते २८ फेब्रुवारी १९८६ च्या रात्री पत्नीसह चित्रपट पाहून, बरोबर अंगरक्षक न घेता, पायी घरी परतत असताना भर रस्त्यात मारले गेले; चौतीस वर्षे चौकशी चालली आणि २०२० साली, कधीच मरण पावलेल्या एका संशयिताकडे बोट दाखवून सरकारी वकिलांनी ती बंद केली. न्यायालयात काहीच शाबीत झाले नाही. विलक्षण योग असा की श्योवाल-वाल्यो यांच्या १९७५ सालच्या शेवटच्या कादंबरीत स्वीडनच्या पंतप्रधानाचा गोळी घालून खून होतो. पाल्मे यांच्या खुनानंतर स्वीडनमध्ये ज्या झपाट्याने गुन्हेकथा लिहिल्या गेल्या त्याचे कारण पुष्कळ जण त्या न उलगडलेल्या खुनात पाहतात, आणि लार्सनही त्या प्रकरणाची टिपणे जमवीत राहिला होता. आमच्याकडे दाभोलकरांवर लेख झाले, स्मृतिविशेषांक निघाले, नाटके झाली, दर महिन्याच्या वीस तारखेस पुलावर माणसे जमली. या खुनाच्या तपासाला कथेचा कणा करून लिहिलेली आणि मराठी घरांत फिरणारी कादंबरी मात्र माझ्या तरी हाती आलेली नाही.

अशी कादंबरी वाळव्यात, पाटणात किंवा खटावात घडवावयाची तर तिचा तपासनीस कोण असावा, याचा मी अधूनमधून विचार करतो. बदलीवर आलेला फौजदार हा पहिला पर्याय, पण तो तीन वर्षांत जाणार आणि भावकी त्याला कळण्याच्या आत त्याचे सामान ट्रकात चढलेले असणार. मला योग्य वाटते ते पात्र पोलीस पाटलाचे. पूर्वी हे वतन होते. आता १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाखाली नेमणूक होते, स्त्रियांचीही होते, मानधन बेताचे असते आणि गावचा रहिवासी असणे ही अटच असते. गावात कुणाचा संशयास्पद मृत्यू झाला वा बेवारस प्रेत आढळले तर ठाण्याला वर्दी देणे हे पोलीस पाटलाचे कर्तव्य. समजा आपली पोलीस पाटील चाळिशीची बाई आहे, बारावी शिकलेली, नवऱ्याच्या माघारी दोन एकर ऊस करणारी. टोळीचा मुकादम सकाळी दारात येऊन सांगतो की पाटलीणबाई, फडात काही तरी आहे, चला. ती पायात चपला सरकवते आणि वाटेत तिच्या ध्यानात येते की तो फड तिच्या दिराचा आहे, फडापलीकडची विहीर तिच्या सासऱ्याने खणलेली आहे, आणि सतरा वर्षांपूर्वी धाकटी जाऊ माहेरी म्हणून निघाली त्या रात्री विहिरीवरची मोटार मध्येच बंद झाली होती, हे तिने स्वतः अंगणात उभे राहून ऐकले होते. वर्दी तिलाच द्यावयाची आहे, आणि पंच म्हणून सही करणारी दोन माणसेही तिनेच गावातून बोलावून आणावयाची आहेत.